पहिला भाग तोंडी

अद्भुत कादंबऱ्यांच्या मेळाव्यात टेबल क्रमांक सव्वीसवर लेखकाने पहिला गठ्ठा सोडला, वरचं पुस्तक हातात घेतलं आणि मुखपृष्ठ दोनदा वाचलं. त्याने घाईघाईने दुसरा गठ्ठा सोडला, मग तिसरा. चौथ्याची गाठ सुटेना, तेव्हा सासूबाईंनी पिशवीतून कात्री काढून दोरी कापून दिली. चार गठ्ठ्यांत मिळून चाळीस पुस्तकं होती आणि चाळीसच्या चाळीस दुसरा भाग होती.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, पहिला भाग घरीच राहिला."

"सगळा?"

"सगळा."

सासूबाईंनी कात्री पिशवीत ठेवली. "म्हणजे आधी कळस, मग पाया," त्या म्हणाल्या आणि खुर्चीवर नीट बसल्या.

आता हे कसं झालं, ते सांगायला हवं. लेखक पोटासाठी पाणीखात्यात मीटर तपासायचा आणि जिवासाठी अद्भुत कादंबऱ्या लिहायचा. ही जमात वेगळीच असते. साधा लेखक एक माणूस उभा करतो, हे लोक आख्खं राज्य उभं करतात. त्याचे नकाशे, त्याची वजनंमापं, त्यातल्या शिव्यासुद्धा. आपल्या लेखकाने तर राज्याची लिपी तयार केली होती. तिचा त्याला इतका अभिमान होता, की पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर त्याने 'एक' आणि 'दोन' त्याच लिपीत घातले. त्या लिपीतला एक म्हणजे गोल आणि त्याच्या डोक्यावर रेघ. दोन म्हणजे गोल आणि त्याच्या पायाशी रेघ. पहाटे माळ्यावरून गठ्ठे उतरवताना ते उलटे हातात आले. लिपी त्याची, अक्षर त्याचं, गठ्ठे त्याचे. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार करायची कुणाकडे?

घर तीन तासांवर होतं. बायको दवाखान्यात परिचारिका आणि ऐनवेळी तिची पाळी बदललेली. टेबल क्षणभरही रिकामं सोडायचं नाही असा मेळाव्याचा नियम असल्यामुळे दोन माणसं लागत होती, म्हणून तिने आपल्या आईला धाडलं. "आईला नुसतं बसायचंय," ती म्हणाली होती. लेखकालाही तेच वाटत होतं.

सभागृह मात्र गजबजलं होतं. काळे झगे, टोकदार टोप्या, स्पंजाचे ड्रॅगन खांद्यावर घेतलेले लेखक. शेजारच्या टेबलावर पत्र्याचं चिलखत घातलेल्या एक लेखिका होत्या. त्यांची तेरा भागांची मालिका होती आणि तेराही भाग ओळीने मांडलेले होते. लेखक कचेरीच्या शर्ट-पँटमध्ये आला होता. त्याला क्षणभर वाटलं, आता कोणीतरी आपल्याला इथलं मीटर कुठंय म्हणून विचारणार.

पहिलं गिऱ्हाईक दहा मिनिटांत आलं. जादूगाराची उंच टोपी घातलेला गृहस्थ. त्याने पुस्तक उचललं, वास घेतला, नकाशा पाहिला आणि चेहरा उजळला.

"वा! नद्या उताराकडे वाहतायत. फार कमी लोक एवढं बघतात हो."

"मी पाणीखात्यात आहे," लेखक लाजून म्हणाला.

"हा दुसरा भाग दिसतोय. पहिला द्या ना."

"पहिला... नाहीये."

"संपला? एवढ्यात?"

इथे 'हो' म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण राज्यंच्या राज्यं रचणाऱ्या या माणसाला समोरासमोर साधी थाप मारता येत नसे. "घरी राहिला," तो म्हणाला. टोपीवाल्याने पुस्तक अलगद खाली ठेवलं आणि सहानुभूतीने टेबलावर दोनदा थोपटलं.

दुपारपर्यंत असे तेवीस जण आले आणि गेले. एकाने तर विचारलं, "पहिला भाग न वाचता दुसरा कळेल का?" लेखकाने प्रामाणिकपणे नकारार्थी मान हलवली. शेजारच्या चिलखतवाल्या बाईंनी कपाळावर हात मारला. पत्र्याचा मोठा आवाज झाला.

शेवटी लेखकाने गठ्ठे पुन्हा बांधायला घेतले.

"काय करताय?" सासूबाईंनी विचारलं. त्या सकाळपासून कुणाच्या तरी कुडत्याला काजं करत बसल्या होत्या.

"आवरतोय. आई, मी मनाशी एक ठरवलं होतं. आजवर माझं पुस्तक कोणी नेलं? नातेवाइकांनी आणि कचेरीतल्यांनी. दोन वर्षं सगळे 'वाचतोय, वाचतोय' म्हणतात. चुलतभावाने तर ते कपाटाच्या पायाखाली लावलंय. म्हटलं, आज दहा अनोळखी माणसांनी पुस्तक नेलं तर तिसरा भाग पुरा करायचा. नाहीतर वह्या माळ्यावर. एकही गेलं नाही. आता बास."

सासूबाईंची सुई थांबली.

"बास म्हणजे? मग त्या धाकट्या राणीचं काय?"

"कोण धाकटी राणी?"

"कोण काय विचारता? भुयारात अडकलीये ती! दिव्यात दोन दिवसांचं तेल उरलंय, पोर पोटाशी आहे, आणि तुम्ही खुशाल वह्या माळ्यावर टाकताय?"

लेखकाने दोरी खाली ठेवली. रोज संध्याकाळी तो लिहिलेलं मोठ्याने वाचायचा, वाक्य कानाला कसं लागतं ते कळावं म्हणून. बायको दुसऱ्या पानाला झोपायची. दिवसभर दवाखान्यात उभं राहून आलेल्या बाईला दोष कोण देणार? सासूबाई कोपऱ्यात शिलाई मशीनपाशी पाठ करून बसलेल्या असायच्या. त्या आपल्या कामात आहेत असं तो धरून चालला होता. आत्ता त्याच्या ध्यानात आलं, की आपण वाचत असताना मशीनची खडखड कधी म्हणून ऐकू आली नव्हती. तेवढा वेळ त्या हाताने काजं करायच्या. अकरा वर्षं.

काहीतरी बोलायला हवं होतं, पण सासूबाईंना वेळ नव्हता. त्यांनी खुर्ची टेबलाच्या पुढे ओढली होती आणि समोरून जाणाऱ्या एका जोडप्याला हाक मारली होती.

"अहो, इकडे या. पहिला भाग नाहीये. मी सांगते. बसा."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. लेखकाने राजघराण्याच्या वंशावळीला बावन्न पानं दिली होती. सासूबाईंनी ती एका वाक्यात उरकली: "घराणं मोठं, खाणारी तोंडं जास्त आणि सगळ्यांचा डोळा एकाच खुर्चीवर." ड्रॅगन कसा होता? "म्हातारा. झोप नाही, म्हणून चिडचिडा. बाकी मनाने वाईट नाही." थोरली राणी आली तेव्हा त्यांनी आवाज असा खाली आणला, की जोडप्यातली बाई पुढे सरकून बसली. पाच मिनिटांत सात जण उभे होते. पंधरा मिनिटांत चिलखतवाल्या बाई आपलं टेबल सोडून, नियम मोडून, येऊन उभ्या राहिल्या.

"आणि पुढे?" कोणीतरी विचारलं.

"पुढे सगळं त्यात आहे," सासूबाईंनी दुसऱ्या भागाकडे बोट केलं. "मी थोडं पाणी पिते."

नऊ प्रती गेल्या. नवव्या प्रतीवर सही करताना लेखकाला आपलंच नाव आठवेना. सासूबाईंचा घसा बसू नये म्हणून तो चहा आणायला धावला. उपाहारगृहापुढे मोठी रांग होती. तो परत आला तेव्हा टेबलाभोवती दुसरा घोळका होता, आणि सासूबाई सांगत होत्या, "तर असा तो सेनापती गेला. राज्यात त्या रात्री एकाही घरात चूल पेटली नाही." घोळक्यातल्या एका बाईने डोळे पुसले.

सेनापती गेला? पहिल्या भागात सेनापती मरत नाही. दुसऱ्या भागाच्या सातव्या पानावर तो दरबारात चांगला उभा राहून सल्ला देतो!

"आई," तो कानाशी कुजबुजला, "सेनापती जिवंत आहे."

"चहा द्या," सासूबाई म्हणाल्या.

आता थांबवायचं कसं? लोक पुस्तकं मागत होते. दहावी प्रत गेली, अकरावी गेली. ज्या घटकेची त्याने अकरा वर्षं वाट पाहिली होती ती अशी समोरून चालली होती आणि आपला लेखक मूग गिळून सह्या ठोकत होता. त्याला एकच आशा होती, की लोक पुस्तक घरी जाऊन वाचतील आणि तोवर आपण बसमध्ये असू.

पण सकाळचा टोपीवाला घरी गेला नव्हता. मघाशी घोळक्यात उभं राहून सेनापतीचं ऐकल्यावर त्याने प्रत घेतली होती आणि उपाहारगृहात बसून वाचायला लागला होता. तो येताना दिसला तो सातव्या पानात बोट घालून. व्यवसायाने तो दातांचा डॉक्टर होता, त्यामुळे दुखरी जागा नेमकी शोधायची त्याला सवय होती.

"माफ करा, पण सेनापती मेला ना? मग हा इथे बोलतोय कसा?"

घोळका लेखकाकडे वळला. चूक कबूल करायची, गेलेल्या सगळ्या प्रती परत घ्यायच्या आणि इथून निघायचं, असं त्याने ठरवलं आणि तोंड उघडलं.

"मग? भूत आहे ते," सासूबाई काजाला टाका घालत म्हणाल्या. "त्याला बिचाऱ्याला अजून माहीत नाही."

दंतवैद्याने टोपी काढली. तिथेच उभ्याउभ्या त्याने चार पानं चाळली आणि त्याचे डोळे विस्फारले.

"तरीच! तो दरबारात सल्ला देतो आणि कुणी उत्तरच देत नाही! मला वाटलं, लेखक विसरला. आणि इथे बघा, मेजवानीत त्याच्यासमोर ताट आहे, पण वाढणारा पुढे निघून जातो! अहो, हे... हे फार मोठं काम आहे!"

त्याने लेखकाचा हात दोन्ही हातांत धरला. लेखक काहीच बोलला नाही, आणि हे मौन फार खोल समजलं गेलं. मग चिलखतवाल्या बाई मोठ्याने म्हणाल्या, "तेरा भागांत मला असं एक भूत सुचलं नाही," आणि त्यांनी स्वतःसाठी प्रत घेतली. चार वाजेपर्यंत टेबलावर काही उरलं नव्हतं. शेवटी आलेल्या एका आजोबांना नमुन्याची प्रत देऊन टाकावी लागली. वर सतरा जणांनी पहिल्या भागासाठी पत्ते लिहून ठेवले.

परतीच्या बसमध्ये लेखक ती पत्त्यांची वही मांडीवर घेऊन बसला होता. आनंद होता, पण त्यात एक खडा होता.

"आई, तुमचे उपकार मी कसे फेडू कळत नाही. पण हे सतरा लोक पहिला भाग वाचणार. त्यात सेनापती पूल ओलांडून सुखरूप येतो आणि जेवायला बसतो. तुम्ही त्याला मारलंत कशाला?"

"मी कशाला मारीन? तुम्हीच मारलंत."

"मी?"

"पुलावरच. शत्रू मागे लागले, तेव्हा सगळ्यांना पलीकडे पोचवून त्याने मधे उभं राहून दोर कापला. म्हणाला, 'माझं वजन कमी झालं की राज्य हलकं होईल.' तुम्ही ते वाचलंत आणि मग बराच वेळ नाक शिंकरत बसलात. मी मागे वळून बघितलं नाही. म्हटलं, माणसाला ओशाळवाणं वाटेल."

ते पान लेखकाने आठ वर्षांपूर्वी लिहिलं होतं आणि आठवड्याभरात फाडलं होतं. कचेरीतला हेडक्लार्क म्हणाला होता, "सेनापती मेला तर मी पुढे वाचणार नाही." म्हणून त्याने सेनापतीला जिवंत केलं, आणि पुढचा भाग आधीच लिहून झालेला असल्यामुळे त्यात त्याला दोन-दोन वाक्यं देऊन मधे मधे बसवलं. उत्तरं द्यायला कोणी नव्हतंच. हेडक्लार्कने पुढे काही वाचलं नाही ते नाहीच. ते फाटलेलं पान जगात कुणाला ठाऊक नाही, अशी लेखकाची खात्री होती. आयुष्यात त्याने लिहिलेलं सगळ्यात चांगलं पान ते होतं.

"पण नंतर मी तो जिवंत परतल्याचं वाचलं, तेही तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं की. दुसऱ्या आठवड्यात तो पुन्हा चालायला लागला. मी म्हटलं, भूत झालं असणार. तेव्हापासून मी तसंच धरून ऐकतेय. आणि जेवायला बसला म्हणता, तर ताटावर बसला एवढंच लिहिलंय तुम्ही. जेवला असं कुठंय?"

लेखकाने मनातल्या मनात ते पान काढून पाहिलं. खरंच नव्हतं.

दहा अनोळखी माणसांनी आपल्याला वाचावं, एवढंच त्याला हवं होतं. आज चाळीस मिळाली होती. पण आपल्याला अकरा वर्षं एक वाचक होता, फाडलेल्या पानांसकट होता, आणि तो आपण कधी मोजलाच नाही, याची त्याला फार लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त आनंद झाला. घरात कुणी कुणाचे आभार मानत नसे. त्याने मानले. सरळ शब्दांत, हात जोडून, शेजारच्या प्रवाशाने वळून बघितलं तरी.

"पुरे," सासूबाई म्हणाल्या, पण काज चुकलं.

"आई, एक विचारू? तिसऱ्या भागात त्याला कळावं का, आपण मेलोय ते? आणि कळलंच तर सांगणार कोण?"

सासूबाईंनी सुई कापडात खोचली, चष्मा काढून पिशवीत ठेवला आणि पूर्ण त्याच्याकडे वळून बसल्या.

"आता विचारताय होय?" त्या म्हणाल्या. "हे बघा, माझ्या डोक्यात तीन-चार प्रकार आहेत."

वाहकाने त्यांच्या थांब्याचं नाव दोनदा पुकारलं. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.