उभ्याने पिक्चर पाहणारी प्रणाली

आमची प्रणाली पिक्चर उभ्याने पाहते. घरात खुर्ची आहे, पलंग आहे, पण टीव्ही लागला की ही दाराच्या चौकटीत उभी. एक हात कमरेवर, एक पाय उंबऱ्याबाहेर. "बसून पाह्यलं की माणूस सगळं मानून घेते," असं तिचं म्हणणं. उभं असलं की भांडता येतं, आणि फारच झालं तर निघून जाता येतं.

वय एकोणीस, बी.कॉम.चं दुसरं वर्ष. कारंजाला हायवेपासून दोन गल्ल्या आत आमचं घर आहे. तिचे बाबा ट्रक चालवतात, म्हणून महिन्यातले बरेच दिवस घरात आम्ही दोघीच. मी तिची दुसरी आई. पहिली ती सहा वर्षांची असताना वारली, त्यानंतर दोन वर्षांनी मी या घरात आले. ती मला मावशी म्हणते.

"हे जमणार नाई!" हे तिचं पालुपद. एकदा पिक्चरमध्ये हिरॉइन कापूस वेचत होती. गाणं म्हणत, वाकून, हसून. प्रणाली दारातून तरातरा आत आली.

"एवढा कापूस वेचला अन् बोटाले एक ओरखडा नाई? मावशी, हात दाखव तुझा."

मी दाखवला. तिने तो ओढून टीव्हीच्या काचेजवळ धरला. "हे पाह्य! असा राह्यते वेचणारीचा हात!" हिरॉइनला काही ऐकू गेलं नाही, ती हिरोकडे बघून लाजली. मला मात्र गाणं संपेपर्यंत हात मागे घेता आला नाही.

हिरोच्या मित्राला गोळी लागली, तर ही त्याच्यावरच चिडते. "छातीत गोळी अन् दहा मिनिटं बोलून राह्यला! अन् हे सगळे उभे राहून ऐकून राह्यले. एकानं तरी अँब्युलन्सले फोन लावा ना रे!" पण हिरोने लाथ मारली आणि जीप आभाळात उडाली, तर त्यावर तिची काही तक्रार नसते. मी विचारलं तर म्हणाली, "ते तर सांगूनच खोटं करते. मले राग येते तो खऱ्याचा आव आणणाऱ्याचा."

खेळताना मात्र ती बसते. मोबाईलवर चार जणांनी मिळून खेळायचा गोळीबाराचा खेळ आहे. चौघं चार गावांचे, एकमेकांना कधी न पाहिलेले, नुसते कानात बोलतात. एकदा हिचा आवाज ऐकून त्यातला एक म्हणाला, "अरे, लड़की है, हार गए." झालं. हिने आपला गडी एका पडक्या घरात नेऊन बसवला आणि सांगितलं, "पहले माफी माँग, फिर निकलूँगी." बाहेर धडाधड गोळ्या चालू. बाकीचे दोघं ओरडतात, विनवण्या करतात, ही हलत नाही. शेवटी चौघंही मेले.

"हरली ना?" मी विचारलं.

"हरली. पण माफी मागतली त्यानं. मरता मरता मागतली."

आता माझं सांगते. मी या घरात आले त्या दिवशी शेजारच्या चंदाबाईने मला बाजूला घेऊन म्हटलं, "पोरीले नीट ठेवजो बाई. लोकं पाह्यत राह्यतात." तिच्या मनात वाईट नव्हतं. पण पिक्चरमधल्या सावत्र आया मीही पाहिल्या होत्या. पोरीला उपाशी ठेवणाऱ्या, जिन्याखाली झोपवणाऱ्या. मी धसकाच घेतला. तव्यावरची पहिली पोळी प्रणालीची, सकाळची उरलेली माझी. तिने बशी फोडली, मी काचा वेचल्या. मार्क कमी पडले, मी साखर घालून शिरा केला. अकरा वर्षांत मी तिच्यावर एकदाही आवाज चढवला नाही. मला वाटायचं, याहून चांगलं आणखी काय असतं?

मागच्या महिन्यात आम्ही संध्याकाळी चंदाबाईकडे मालिका पाहत होतो. त्यातली सावत्र आई पोरीच्या दुधात काहीतरी कालवत होती. प्रणाली अर्थात दारात उभी.

"सावत्र म्हटली की काजळ जाड!" ती कडाडली. "सकाळपासून दुधातच कालवून राह्यली. हिच्या घरी भांडे कोण घासते? हिले दुसरं काम नाई का?"

आम्ही सगळ्या हसलो. मला तर आतून फार बरं वाटलं. चंदाबाई म्हणाली, "तुयी तर सोन्यासारखी आहे वं. कधी एक शब्द नाई बोलत तुले."

प्रणालीचा चेहरा उतरला. ती तडक निघून गेली. मी मागोमाग घरी आले, तर स्वयंपाकघरात उभी होती.

"काय चुकलं माझं?" मी विचारलं.

"रूपाले तिची आई दिवसातून दहा वेळा बोलते. केसावरून बोलते, मोबाईलवरून बोलते, झोपेवरून बोलते. मले कोण बोलते?"

रूपा म्हणजे चंदाबाईची मुलगी, हिची मैत्रीण.

"अगं, पण बोलायचं कशाला?"

"पाहुणीले कोणी बोलत नाई, मावशी," ती म्हणाली. "त्या पिक्चरवाल्यायनं तुले भेव घातलं, अन् तू मले अकरा वर्सं पाहुणी करून ठेवलं."

मी तवा तापत ठेवला. त्या दिवशी पहिली पोळी तिने माझ्या ताटात टाकली, रागाने, आपटूनच.

त्यानंतर कितीतरी दिवस मी मनातल्या मनात सराव करत होते. शब्द ओठावर यायचे आणि परत जायचे. परवाच्या रविवारी दुपारचे बारा वाजले, सकाळी भिजवलेले कपडे बादलीत तसेच, आणि ही खाटेवर पडून खेळत होती. मी समोर जाऊन उभी राहिले.

"प्रणाली, ठेव तो मोबाईल. सकाळपासून कपडे भिजून राह्यले, लाज नाई वाटत?"

आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. तिने मान वर केली. डोळे एवढे मोठे झाले की मला वाटलं, आता रडते. पण तिने मोबाईल खाली ठेवला, बादली उचलली आणि मोरीत जाऊन कपडे असे आपटायला लागली की सगळ्या गल्लीला कळावं.

थोड्या वेळाने भिंतीपलीकडून रूपाने विचारलं, "काय झालं वं?"

"काय सांगू बाई तुले," प्रणालीचा आवाज आला. "मावशीनं जीव नकोसा केला. अर्धा तास बोलली! मोबाईल विहिरीत फेकतो म्हणे."

"मावशी? काहीबाही नको सांगू."

"तुले बाहेरून गरीब दिसते. मले इचार."

मी आत कणकेत हात घालून उभी होते. दोनच वाक्यं बोलले होते मी, आणि विहीर तर आमच्या गल्लीत नाहीच. पण मी बाहेर गेले नाही.

"मग आता काय करतं?" रूपा म्हणाली.

"काय करू? सुरू झालं आता," प्रणालीने एक परकर पिळून झटकला. "रोजच बोलन मले, पाह्यजो तू."