वरची रेघ, खालची रेघ

माणूस नसलेल्या खोलीत दिवा जळताना दिसला की डॉक्टरांच्या वडिलांना स्वतःलाच चटका बसल्यासारखं होई. "अरे, कोण बसलंय तिथे? मालव तो दिवा!" ते खालच्या मजल्यावर एकटे राहत, पण त्यांचा आवाज आतल्या जिन्याने वर डॉक्टरांच्या टेबलापर्यंत बिनचूक पोचे. डॉक्टर म्हणजे औषधांचे नव्हेत. "मुलगा डॉक्टर आहे माझा," म्हातारा येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगे, "पण सर्दीची गोळीसुद्धा त्याला विचारून घेऊ नका."

डॉक्टर एका संशोधन संस्थेत होते आणि एकाच प्रश्नाने त्यांना झपाटलं होतं. श्रीमंत देश भरमसाट धूर सोडतात, गरीब देश थोडा. काळ गेला की दोघांचं प्रमाण जवळजवळ येतं का? आकडे कधी हो म्हणत, कधी नाही. शेवटी संचालक वैतागले. "व्याख्यानाला येणाऱ्या पाहुण्यांना कळेल असं साधं उदाहरण द्या हो. घरातलं एखादं!"

डॉक्टरांनी ते शब्दशः घेतलं. वरचा मजला, म्हणजे ते, बायको, मुलगी, एसी आणि गीझर, हा श्रीमंत देश. खालचा मजला, म्हणजे बाबा आणि एक दिवा, हा गरीब देश. दोन्हींचे विजेचे मीटर वेगवेगळे होतेच. आकडे फोनवर येऊ लागले, डॉक्टर त्यांचा आलेख काढू लागले आणि नवल घडलं. वरची रेघ महिन्यामहिन्याने उतरत होती, खालची चढत होती. डॉक्टर हरखून गेले.

"अहो, बाबांचा दमा वाढलाय," बायको म्हणाली. "मी आता दिवसभर खालीच असते."

"हं," रेघेवरची नजर न काढता डॉक्टर म्हणाले. "छान."

"छान?"

"म्हणजे, उतरतेय ना!"

तिने नंतरही सांगून पाहिलं, आणि दर वेळी तेच "हं" पदरात पडलं. मग तिने नाद सोडला. बाबाही म्हणाले, "राहू दे गं. त्याचा निबंध होऊ दे पुरा." डॉक्टर संध्याकाळी बाहेरच्या जिन्याने थेट वर जात. टेबलावर झाकलेलं ताट असे, घर शांत असे, आणि आपल्या कामाची घरात केवढी कदर आहे, असं त्यांना वाटे. खाली डोकावणं ते रविवारावर ढकलत, आणि रविवार टेबलाशीच संपे.

रेघा एकमेकींना भिडल्या त्या आठवड्यात डॉक्टरांनी व्याख्यान दिलं. टाळ्या कडाडल्या. संचालक इतके खूश झाले, की पाहुण्या म्हणून आलेल्या प्राध्यापक बाईंना घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी घरीच हजर झाले.

डॉक्टरांनी वरचा मजला दाखवायला सुरुवात केली. एसीवर धुळीचा थर होता.

"मुलगी अभ्यास कुठे करते?" बाईंनी विचारलं.

"इथेच की!" डॉक्टरांनी बोट दाखवलं. तिथे नुसती भिंत होती.

"आणि स्वयंपाक?"

ओटा लख्ख पुसलेला होता. विजेची शेगडी गायब होती. घरात चोरी झाली की काय, या विचाराने डॉक्टर आतल्या जिन्याने धडधडत खाली उतरले आणि त्यांच्यामागे दोघं पाहुणे.

वरचं सगळं खाली होतं. शेगडीवर पाणी उकळत होतं, वाफेचं मशीन घरघरत होतं, मुलगी तिच्या टेबलाशी बसून आजोबांना मोठ्याने वाचून दाखवत होती. उशांच्या ढिगाला टेकून बाबा बसले होते. ते अर्धेसुद्धा उरले नव्हते.

"वरचं कमी कुठे झालंय, डॉक्टर?" बाई हळूच म्हणाल्या. "ते खाली आलंय. देशांचंही पुष्कळदा असंच होतं. कारखाने दुसऱ्याच्या दारात जातात आणि आपण टाळ्या वाजवतो."

संचालक घसा खाकरू लागले. बाबांनी धापा टाकत मुलाची बाजू सावरली. "छे हो, माझीच चैन वाढलीय. म्हातारपणी उधळेपणा सुचला!"

"मला कोणी सांगितलं का नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. "हं," ती म्हणाली.

त्याच दिवशी डॉक्टरांनी आपलं टेबल खाली ओढून आणलं. वरची रेघ जमिनीला टेकली, खालची आभाळाला लागली. संचालकांचा फोन आला, "अहो, रेघा फाकल्या! निष्कर्षाचं काय?"

"फाकू देत," डॉक्टर म्हणाले.

बाबांना त्या गर्दीतही चैन नव्हतं. "चार माणसांना दोन दिवे कशाला रे? एक मालव." डॉक्टर मुद्दाम दोन्ही लावून ठेवत, म्हणजे ओरडा पुन्हा ऐकायला मिळे. आवाज मात्र रोज थोडा बारीक होत गेला. हे सुख त्यांना फार थोडं मिळालं, आणि आधीचं सगळं आपण घालवलं, या विचाराने त्यांचा जीव तुटत असे.

बाबा गेले. शेगडी वर गेली, टेबलं वर गेली. खालची रेघ आता शून्यावर यायला हवी होती, पण येत नव्हती. रोज संध्याकाळी डॉक्टर खाली जात, रिकाम्या खोलीतला तो एक दिवा लावत आणि जिन्याच्या पायरीवर कान देऊन बसत.

एकदा वरून बायकोला उजेड दिसला. "अहो, कोण बसलंय तिथे?"

डॉक्टर दचकून उभेच राहिले. मग पुन्हा खाली बसले.

"कोणी नाही," ते म्हणाले.

ती जिना उतरून आली आणि त्यांच्याशेजारी बसली. दिवा मालवायला दोघांपैकी कुणीच उठलं नाही.