दोन जावांची ओवी आणि जयसिंगचं यंत्र

"एका मिनिटात निकाल लावतो!" जयसिंग म्हणाला, आणि वरबापाच्या तोऱ्यात त्यानं लॅपटॉप उघडला. खरं तर तो नवरीचा भाऊ! धायरीच्या त्या घरात उद्या शालूची हळद होती. पण हळद दळताना कुणाची ओवी म्हणायची, यावरून त्याची आई मथुराबाई आणि चुलती सोजरबाई सकाळपासून एकमेकींशी बोलत नव्हत्या. आणि दोघी समोरासमोर बसल्याखेरीज जातं काही फिरणार नव्हतं.

जयसिंगनं कंपनीसाठी लिहिलेलं नवं एक्स्टेन्शन, म्हणजे लॅपटॉपातला जोडप्रोग्रॅम, टेस्टिंगला तयारच होतं. एका मजकुराच्या दोन प्रती दिल्या, की कुठे काय बदललं ते रंगवून दाखवायचं. दाखवायच्या तऱ्हा चार. त्यानं आधी आईची ओवी घातली:

हळद दळिते गं, सोन्यावानी पिवळी
लेक माझी शालू गं, चाफ्याची कळी

मग काकीची. तिच्यात सोन्याच्या जागी ऊन, चाफ्याच्या जागी शेवंती.

पहिली तऱ्हा. आईच्या ओळी लाल, पुढे वजाबाकी. काकीच्या हिरव्या, पुढे बेरीज!

"माझी तांबडी का रं? मास्तर चुकलेलं तांबड्यानं खोडायचं!"

"चूक नाही गं आई, ती नुसती आधीची प्रत."

"आधीची म्हंजी शिळी?"

"यंत्राला समज हाय म्हनायची," सोजरबाई भिंतीला म्हणाल्या.

जयसिंगनं घाईनं प्रतींची अदलाबदल केली. आता काकी लाल!

"आईनं डोळं वटारलं, की लेकाचं यंत्र बी उलटतंय!" पुन्हा भिंतीलाच.

दुसरी तऱ्हा, दोन्ही ओव्या शेजारीशेजारी. "त्या उजवीकडं का? माझ्या लग्नाच्या फोटोत बी मधीच घुसल्या हुत्या!" सोजरबाईंनी भिंतीला विचारलं.

तिसरी, शब्दाला शब्द भिडवून. पडद्यावर उमटलं: 'चाफ्याचीशेवंतीची कळी'.

"हे कंचं झाड म्हनायचं?" मथुराबाईंनी विचारलं. जयसिंगला कुठे ठाऊक! कुठला शब्द कुणाचा, हेच त्याला आता उमगेना. पाखडताना सुपातून उडालेल्या दाण्यासारखा तो भांबावला होता. त्यानं चौथी तऱ्हा दाबली. हिनं फक्त शब्दांमधल्या मोकळ्या जागांचे बारीक फरक सोडून द्यायचे होते.

पडदा कोरा. खाली दोनच शब्द: 'फरक नाही'.

अरे! हिनं तर अख्खे शब्दच गिळले!

"फरक न्हाई?" दोघी एकदम कडाडल्या.

"माझा चाफा आन् तिची शेवंती एकच?"

"माझं ऊन आन् तुमचं सोनं एकच? जाऊबाई, ह्याला वास तरी येतो का वो?"

"कुठला, सोजर! ल्हानपनापासनं नाक चोंदलेलं त्याचं!"

आणि सकाळपासूनचा अबोला विसरून दोघी जातं धुवायला निघूनही गेल्या.

दुसऱ्या दिवशी जात्याच्या घरघरीवर एका गळ्यातून यावी तशी ओवी आली:

हळद दळिताना गं, बसल्या जावा-जावा
जयसिंगाच्या यंत्राला, फरक कुनी दावा!

मांडवात खसखस पिकली. शालू तर डोळ्यांत पाणी येईतो हसली. तेवढ्यात जयसिंगच्या ऑफिसातल्या साहेबांचा फोन.

"काय जयसिंग, टेस्टिंग आटोपलं, की अक्षता पडेपर्यंत आम्ही वाट बघायची?"

"झालं, सर. तीन ऑप्शन अगदी बरोबर चालतात. त्यांच्यापायी घर मोडायला आलं होतं. चौथा साफ चुकीचा आहे."

"मग दुरुस्त करा की!"

जयसिंगनं जात्याकडे पाहिलं. एका खुंट्यावर दोन जावांचे हात होते.

"करतो, सर," तो हळूच म्हणाला. "फक्त पाहुणे गेल्यावर."