हुसची खुर्ची

सत्यासाठी प्राण देणाऱ्या माणसाच्या मागे शेवटी एक समिती उरते. यान हुस या बोहेमियातल्या धर्मसुधारकाच्या मागे न्यूझीलंडमधल्या पोरिरुआत आमची उरली आहे.

हुसने चर्चच्या चुका चर्चमध्येच उभं राहून सांगितल्या. १४१५ साली धर्मसभेने त्याला म्हणणं मागे घ्यायला सांगितलं. त्याने घेतलं नाही, त्याला जाळलं. ही हकीगत आमच्या गल्लीतल्या एका झेक आजोबांनी दोन खोल्यांच्या छोट्या संग्रहालयात मांडली होती. २००६ साली ते वारले आणि आम्ही शेजाऱ्यांनी समिती स्थापन केली. (मराठी माणसाला समिती नसलेली जागा बघवत नाही.) अध्यक्ष जगदीश, आयटीतले. सचिव मी. शनिवारी माहिती सांगायला डॉ. दमयंती. त्या हॉस्पिटलात भूल देतात. (अनुभव उपयोगी पडतो.)

प्रेक्षक येत, ते बहुतेक टॉयलेट विचारायला. दमयंतीताईंचा गुडघा दुखायचा, म्हणून त्यांनी टौरंगाहून नणंदेची जुनी लाकडी खुर्ची आणली. एका पाहुण्याने विचारलं, "ही हुसची का?" जगदीश खोटं बोलत नाहीत. ते म्हणाले, "असू शकते."

पुढच्या आठवड्यात खुर्चीभोवती दोर आला. मग 'बहुधा' या शब्दासह पाटी आली. मग 'बहुधा' गेला. गर्दी वाढली, लोक जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, दाराशी काढू लागले. दमयंतीताई आता उभ्याने माहिती सांगत.

एका शनिवारी एक वृद्ध बाई खुर्चीपुढे रडू लागल्या. दमयंतीताईंना राहवलं नाही. "बाई, ही माझ्या नणंदेची आहे. गॅरेजमध्ये पडली होती. मांजर झोपायचं हिच्यावर."

समितीची तातडीची बैठक झाली.

"ताई, खोटं बोला असं कोण म्हणतंय?" जगदीश म्हणाले. "फक्त बोललेलं मागे घ्या."

"तुमच्या मागे भिंतीवर हुसबद्दल काय लिहिलंय ते वाचलंत कधी?"

"ते पंधराव्या शतकातलं झालं. तेव्हा पार्किंगचा प्रश्न नव्हता."

"मग माझ्या नणंदेची खुर्ची परत द्या."

"ती आता वारसा आहे."

ताईंनी म्हणणं मागे घेतलं नाही. समितीने अर्थातच त्यांना जाळलं नाही. (इथे उघड्यावर आग लावायची तर आधी परवानगी काढावी लागते.) चहा आणि बटाटेवडे झाल्यावर त्यांना शनिवारच्या जबाबदारीतून सन्मानाने मुक्त करण्यात आलं. त्यांनी चहा उभ्यानेच घेतला, कप धुवून ठेवला आणि लंगडत निघून गेल्या.

वाचकहो, तुम्हाला ताईंचं पटलं असेल. आम्हा सगळ्यांनाच पटलं होतं. समितीतल्या सुशांतने तर त्यांना गाडीपाशी गाठून तसं सांगितलंही, हळू आवाजात. ठराव मात्र एकमताने झाला. तुम्ही बैठकीला असतात तर तुम्हीही त्यांच्याच बाजूने असतात, अगदी आमच्यासारखे.