खंडू सुतारपक्ष्याची पदवी

बाळांनो, एका जंगलात एक विद्यापीठ होतं. हसताय काय? जंगलातल्यांनी शिकूच नये की काय?

त्याच जंगलात खंडू नावाचा सुतारपक्षी राहायचा. झाडाला चोचीने भोक पाडावं तर खंडूनेच. पोपट, मैना, खारी, सगळ्यांचे संसार त्याने पाडलेल्या भोकांतच चालले होते.

एक दिवस सिंहमहाराजांचा हुकूम निघाला. यापुढे बिनपदवीच्या चोचीने झाडाला हात लावायचा नाही!

झाली का खंडूची पंचाईत! त्याच्या बायकोचे, गोजराचे, दिवस भरत आले होते. पंधरा दिवसांत अंडी होणार आणि घराचा पत्ता नाही.

तो धावत विद्यापीठात गेला. तिथे समन्वयक म्हणून एक बगळा नेमला होता. पद हंगामी, म्हणून तो एकाच पायावर उभा असायचा.

"घाबरू नका, खंडूभाऊ," बगळा म्हणाला. "तुमचं काम हाच तुमचा अभ्यास. हा मोबाइल घ्या. यात अनुभवपोथी नावाचं ॲप आहे. आमच्या ओंडक्यावर रोज काम करा, काम करतानाचा फोटो टाका, खाली काय शिकलात ते लिहा. पंधरा दिवसांत शंभर श्रेयांक, की पदवी!"

खंडू खूश झाला. मोबाइल समोर टांगून त्याने सुरुवात केली. टक टक टक टक!

"चेहरा जुळत नाही," ॲप म्हणालं.

खंडूने आणखी जोर लावला.

"भूकंप झाला आहे," ॲप ओरडलं. जंगलभर भोंगे वाजले. ससे पळाले, ते अजून परतलेले नाहीत.

खंडू रडकुंडीला आला. "साहेब, डोकं हलवल्याशिवाय भोक पडेल कसं?"

"भोकाला गुण नाहीत हो, पुराव्याला आहेत," बगळा म्हणाला. "माझ्याकडे बघा. मासेमारीत सुवर्णपदक आहे मला. एकही फोटो हललेला नाही."

मग खंडू शहाणा झाला. सकाळी ओंडक्याच्या कोऱ्या बाजूला चोच टेकवायची आणि संध्याकाळपर्यंत गप्प बसायचं. फोटो काय सुरेख यायचे! खाली तो लिहायचा, 'आज मी चोच टेकवायला शिकलो. उद्या अधिक मनापासून टेकवीन.' बगळ्याने शेरा मारला, 'सखोल चिंतन.'

गोजरा रोज येऊन डोकवायची.

"अहो, अंडी काय तुमच्या निकालासाठी थांबणारेत?"

"हळू बोल," खंडू चोच न उचलता म्हणायचा. "फोटो चाललाय."

सोळाव्या दिवशी पदवी मिळाली. पहिला वर्ग, विशेष प्रावीण्यासह! खंडू नाचत गोजराकडे आला. बघतो तर झाडाला नवंकोरं, गोल भोक. आत गोजरा, तिच्या पोटाखाली चार अंडी.

"हे कोणी केलं?"

"मी. तुमची वाट बघून थकले, मग लागले ठोकायला."

"अगं, पण तुला पदवी कुठे आहे?"

"तेच म्हणते मी," गोजरा म्हणाली. "अडाण्याचं काम हे, याचा काय भरवसा! तुमच्यासारख्या शिकलेल्यांनी यात राहू नये. तुम्ही आपले तुमच्या पदवीच्या भोकात जाऊन झोपा."

मला खंडूची फार दया येते, बाळांनो. बिचारा खरंच ओंडक्यापाशी गेला. चोच टेकवायच्या जागी साधा ओरखडासुद्धा नव्हता.

तात्पर्य : काम करताना डोकं हलवू नये. फोटो बिघडतो.