बाटलीतली थंडी

आमच्या वाडीत थंडी आहे की गेली, हे मोबाईलवर बघून कळत नाही. ते समोरचे नाना सांगतात, तेही खोबरेल तेलाच्या बाटलीवरून. सकाळी सातला त्यांच्या दारातली शेकोटी पेटली की नाना बाटली घेऊन बाहेर येणार, शेकायला जमलेल्या एकेकाच्या कानाशी नेऊन ती हलवणार आणि विचारणार, "वाजलं का काय?"

"नाय."

"मग बसा गुमान. थंडी हाय अजून."

आणि माणसं बसायची. गोठलेल्या तेलापुढं कोण बोलणार!

नाना सत्तरीच्या पुढचे, काटक, कानटोपीतले. "कोण म्हणतं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी म्हणालं आज गार वारं आहे, तर "कोण म्हणतं?" संपत म्हणाला सिन्नरची एसटी उशिरा आली, तर "कोण म्हणतं? तूच लवकर गेलता!" हा संपत म्हणजे त्यांचं हक्काचं गिऱ्हाईक. द्राक्षबागेत ढीगभर कामं पडलेली असायची, तरी तासभर नानांशी भांडल्याशिवाय गडी जागचा उठत नसे. मी आमच्या ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत सगळं ऐकायची आणि हसू दाबून दाबून पोट दुखवून घ्यायची.

नानांची बायको, आमच्या काकू, गेल्या, त्या हिवाळ्यापासूनची ही शेकोटी. मुलगा सातपूरला कंपनीत, राहायलाही तिकडंच. चांगला आहे बिचारा, दर रविवारी येतो. पण आठवड्याला सोमवार ते शनिवारही असतातच ना!

यंदा माघ सरता सरता ऊन तापायला लागलं. आंबे मोहरले, गव्हावर पिवळी झाक आली, आमच्या घरात पंखा फिरायला लागला. दुपारी पातळ झालेलं तेल सकाळपर्यंत काही गोठेना. अशात एका दुपारी नाना आमच्या मागच्या दारानं आले. आवाज कधी नव्हे तो खाली.

"सूनबाई, तुझ्या फ्रिजात येवढी बाटली ठिवती का? रातभर?"

माझं तोंड मुळातच फटकळ. "नाना, लोकांना फसवता होय? या वयात?"

नाना उंबऱ्यावरच टेकले. "तुझी काकू उठल्या उठल्या माझ्याशी भांडायची. दूध म्हणू नको, पाणी म्हणू नको, कायबी पुरायचं तिला. आता शेकोटी हाय तवर हा संपत तरी भांडतो. ती विझली की दिसभर कुणाशी बोलू, सांग?"

मी बाटली घेतली आणि दह्याच्या पातेल्यामागं सरकवून दिली.

आठ दिवस आमचा कारभार बिनबोभाट चालला. रोज सकाळी बाटली फडक्यात गुंडाळून मागच्या दारानं जायची. सगळी वाडी घामाघूम आणि नानांच्या दारात थंडी! संपत डोकं खाजवायचा, "नाना, आमच्या घरचं तर पार पाणी झालंय की!"

"तुझं भेसळीचं असंल," नाना गरजायचे.

नवव्या दिवशी मी लवकरच कोथिंबीर उपटायला मळ्यात गेले आणि बाटली द्यायचं काम सासूबाईंवर सोपवलं. गुपित काही सांगितलं नाही, कारण त्यांना सांगितलं की वाडीला दवंडी दिल्यासारखंच. तिथंच घात झाला. सासूबाई पडल्या मायाळू. म्हाताऱ्या माणसानं गोठलेलं तेल डोक्याला कसं लावायचं, म्हणून त्यांनी बाटली चुलीशी ठेवून छान पातळ केली आणि फडक्यात गुंडाळून दिली. नानांनी न बघताच ती काखेत मारली.

मी गाठोडं घेऊन परत आले, तेव्हा नाना संपतच्या कानाशी बाटली हलवत होते. डुबुक, डुबुक. सगळ्यांनीच ऐकलं. नानांनी पुन्हा हलवून पाहिली. वाद घालतील असं मला वाटलं होतं, पण ते नुसतेच कसंनुसं हसले.

"गेली बरं का थंडी," म्हणाले आणि तांब्याभर पाणी विस्तवावर ओतलं. माणसं उठून कामाला लागली. त्यांचं तरी काय चुकलं, संपतची द्राक्षं तोडणीला आली होती.

दुसऱ्या दिवशी सातला नाना अंघोळ उरकून एकटेच दारात बसले होते. गाडीचा आवाज आला की मान वर करायचे. संपत गाडीवरूनच हात करून निघून गेला. मला काही ते बघवेना. मी पदर खोचला, रस्ता ओलांडला आणि कमरेवर हात ठेवून सरळ आवाज चढवला.

"नाना, तुमच्या शेवग्याची फुलं रोज माझ्या अंगणात पडतात. झाडायची कुणी?"

नाना बघतच राहिले. मग हळूहळू त्यांची पाठ ताठ झाली.

"शेवगा माझा हाय. वारं काय मी सोडतो?"

"मग झाड बांधून ठेवा!"

"तुझं अंगण ने की पलीकडं उचलून!"

आवाज ऐकून सासूबाई धावत आल्या. "अगं, काही लाजबीज? मोठ्या माणसाशी भांडतात का असं?"

"वहिनी, तुमी मधी पडू नका," नाना म्हणाले. "बोलू द्या तिला."

चुलीवर दूध होतं माझं. गेलं तर जाऊ दे उतू, म्हटलं, आणि आणखी मोठ्यानं भांडायला लागले.