ओल्या शेपटीचा सण

एका जंगलात, मुलांनो, सगळे प्राणी वर्षातून एकदा आपापली शेपटी ओली करायचे. हसू नका. तो त्यांचा सण होता.

जंगलाचं नाव सुखवन. फार वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या रानात वणवा लागला, तेव्हा या सगळ्यांचे खापरपणजोबा जीव मुठीत धरून इकडे पोहत आले होते. काठावर चढले तेव्हा त्यांच्या शेपट्या निथळत होत्या. त्याची आठवण म्हणून हा ओल्या शेपटीचा सण. त्या दिवशी हत्तीपासून खारीपर्यंत सगळे घाटावर रांगेत नदीकडे पाठ करून उभे राहायचे, शेपटीचं टोक पाण्यात बुडवायचे, ‘आम्ही आलो, आम्ही तरलो’ असं तीनदा ओरडायचे आणि जेवायला जायचे. पाण्यात पाय मात्र कोणी घालत नसे. सर्दी होते म्हणे.

त्या वर्षी सण सहा दिवसांवर आला होता. पलीकडच्या रानात तेव्हा लांडग्यांच्या दोन टोळ्यांची जुंपली होती. राजा कोण, यावरून भांडण. आता भांडणानं भूक लागतेच. मग दोन्ही टोळ्या जरा थांबायच्या, जो सापडेल त्याला खायच्या आणि ताज्या दमानं पुन्हा भांडायच्या.

तिथं चंद्राक्का नावाची सायाळ राहायची. अंगभर काटे, पण स्वभावानं अगदी मऊ. तिचा नवरा एका सकाळी कंद उकरायला गेला तो परत आलाच नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या बिळाच्या तोंडाशी लांडग्याचं नाक आलं. चंद्राक्कानं पाठ फिरवून काटे फुलवले. तिच्या पाठीचा लचका गेला, लांडग्याच्या ओठात काटा गेला. एवढं झाल्यावर तिथं कोण राहील, तुम्हीच सांगा. तिनं मोठ्या मिरीला मानेवर बसवलं, धाकट्या जिरीला तोंडात धरलं आणि नदीत उडी टाकली.

सुखवनाच्या घाटावर बगळेराव कारकून एका पायावर उभे होते. त्यांनी तिला काठावर चढूच दिलं नाही. आधी अर्ज, मग निर्णय, मग काठ, असा क्रम असतो म्हणाले. तोवर नदीच्या मधल्या खडकावर बसायचं. त्या खडकाला सुखवनात ‘स्वागतकक्ष’ म्हणत. त्यावर सावली नव्हती, पण पाटी होती.

अर्जात चाळीस प्रश्न. सतरावा प्रश्न होता, जिवाला धोका असल्याचा पुरावा काय? चंद्राक्कानं पाठ दाखवली. बगळेरावांनी मान तिरकी करून पाहिलं आणि लिहिलं, ‘काटे गळालेले दिसतात. काटे ऋतुमानानुसारही गळतात.’

मग सुखवनात जी चर्चा सुरू झाली, विचारू नका. रानडुक्कर म्हणालं, सायाळीला घेतलं तर कंद पुरणार नाहीत. हे बोलताना त्याचं तोंड कंदांनी भरलेलं होतं, म्हणून ते दोनदा बोलावं लागलं. माकडाचं म्हणणं, ती सशस्त्र आली आहे, अंगावर एकूण काटे किती ते आधी मोजा. चार पोपट रोज संध्याकाळी एका फांदीवर बसून एकाच वेळी बोलायचे आणि शेवटी, आजची चर्चा फार छान झाली, असं एकमेकांना सांगायचे. सांबरीण मात्र मनानं हळवी. ती रोज काठावर येऊन सायाळीसाठी पोटभर रडायची, डोळे पुसायची आणि घरी जायची. तुमच्या घरी जागा आहे का, असं कोणीतरी तिला विचारलं, तर म्हणाली, प्रश्न एका घराचा नाही, धोरणाचा आहे.

खडकावर मिरी आणि जिरी हे सगळं ऐकायच्या. मिरीला पोपट आवडले. जिरीला काहीच आवडलं नाही, कारण वरच्या अंगाला पाऊस झाला होता आणि खडक रोज थोडा लहान होत होता. चौथ्या दिवशी शेपटी आखडून बसावं लागलं. पाचव्या दिवशी पाणी चंद्राक्काच्या पायांना लागलं. तिनं ओरडून हत्तीला सांगितलं, पाणी चढतंय, पोरी बुडतील. हत्ती सभेचा अध्यक्ष. तो गंभीरपणे म्हणाला की पाण्याचं खातं मगरीकडे आहे. मगरीनं लगेच कळवलं की ती पाहणीसाठी स्वतः यायला तयार आहे. चंद्राक्कानं तक्रार मागे घेतली.

सहाव्या दिवशी सणाआधी निर्णय झाला. दया आणि शिस्त यांचा सुंदर मेळ घातला गेला, असं पोपट म्हणाले. निर्णय असा, की सायाळीला घ्यायला सुखवन एका पायावर तयार आहे. फक्त ज्या लांडग्यापासून धोका आहे, त्याच्या पंजाचा ठसा तिनं सूर्य मावळायच्या आत आणून द्यावा.

“म्हणजे त्याच्याकडे परत जाऊ?” चंद्राक्कानं विचारलं.

“जायलाच पाहिजे असं नाही,” बगळेराव म्हणाले. “तो इथे येऊन देत असेल तरी चालेल.”

काय करते बिचारी. पोरींना खडकाच्या उंच टोकाशी चिकटवून ठेवलं, हलायचं नाही म्हणून दम दिला आणि पोहत निघाली. लांडगा पलीकडच्या काठावरच बसला होता. ओठ सुजून भोपळा झालेला, त्यामुळे सहा दिवस उपाशी. चंद्राक्कानं लांबूनच सगळं सांगितलं. काटा काढून देत असशील तर ठसा देतो, असं तो म्हणाला. तिनं दातांनी काटा उपसला. लांडग्यानं पंजा चिखलात बुडवून पळसाच्या पानावर छान ठसा उमटवला. मग बसल्या बसल्या त्यानं सहज चौकशी केली, की तिथं अजून काय काय लागतं? प्रश्न किती? खायला-प्यायला कसं आहे? चंद्राक्का साधी. तिनं चाळीसच्या चाळीस प्रश्न सांगितले. हत्ती केवढा आहे, हेसुद्धा सांगितलं.

पान दातांत धरून ती परत निघाली. इकडे घाटावर सण सुरू झाला होता. सगळं सुखवन नदीकडे पाठ करून, शेपट्या बुडवून ओरडत होतं, ‘आम्ही आलो, आम्ही तरलो.’ आणि त्यांच्या पाठीमागे खडक पाण्याखाली गेला होता. मिरी मागच्या दोन पायांवर उभी होती. जिरी तिच्या डोक्यावर. दोघी आईला हाका मारत होत्या. माकड म्हणालं, यंदा प्रतिध्वनी काय सुरेख येतोय.

चंद्राक्कानं मिरीला मानेवर ओढून घेतलं. जिरीला धरायला तोंड हवं होतं आणि तोंडात पान होतं. तिनं पान सोडलं, पोरीला धरलं.

काठाशी ती धापा टाकत आली तेव्हा पान गिरक्या घेत कुठल्या कुठे गेलं होतं. तिनं खरं ते सांगितलं. बगळेरावांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण त्यांनी लिहिलं, ‘अर्जदारानं पुरावा जाणूनबुजून सोडून दिला.’ हत्ती म्हणाला, जिला एक पान सांभाळता येत नाही, ती आपलं जंगल काय सांभाळणार. सांबरीण रडली. तिला तेवढं येत होतं.

चंद्राक्का पोरींना घेऊन वळणार, तोच घाटाशी गडबड झाली. बावीस लांडगे पोहत आले होते. दोन्ही टोळ्या. प्रत्येकाची मान पाण्याबाहेर उंच, प्रत्येकाच्या दातांत कोरडं पान. या टोळीनं त्या टोळीचे ठसे घेतले होते, त्या टोळीनं या टोळीचे. प्रत्येकाला दुसऱ्यापासून जिवाचा धोका होता, आणि ते अगदी खरं होतं. चाळीस प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ. बगळेरावांचे डोळे भरून आले. इतके नीट अर्ज त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते. सांबरिणीनं हार घातले. लांडगे हार काढून म्हणाले, जेवणाचं काय?

चंद्राक्का पलीकडे पोहोचली. रानात चिटपाखरू नव्हतं. लांडगाही नव्हता. तिनं जुनं बीळ साफ केलं, कंद उकरले. नवऱ्याची जागा रिकामी पाहून एकदा मनसोक्त रडली आणि मग पोरींना जेवायला वाढलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नदीत मोठी खळबळ झाली. हत्ती पोहत होता. माकड हत्तीच्या डोक्यावर होतं. रानडुक्कर धापा टाकत होतं, आणि चारांपैकी एकच पोपट कसाबसा उडत येत होता. सांबरीण त्यांच्यात नव्हती. सगळे काठाशी येऊन गुडघाभर पाण्यात थबकले. वर चढायची कोणाला छाती होईना. बगळेरावांनी दोन्ही पाय पाण्यात टाकले होते.

“अर्ज कुठे द्यायचा?” त्यांनी हळूच विचारलं.

मिरीनं त्या सगळ्यांच्या निथळत्या शेपट्या पाहिल्या.

“आई, आज पुन्हा यांचा सण आहे का?”

“हो बाई,” चंद्राक्का म्हणाली. “सरक जरा तिकडे. त्यांना अंग झटकायला जागा दे.”

तात्पर्य : मुलांनो, जीव घेऊन पळताना तोंडात काय धरायचं, ते आधीच ठरवून ठेवा. पोर धरलंत तर कागद वाहून जातो. लांडगे फक्त कागद धरतात, म्हणून त्यांचं कुठेच अडत नाही.